सोपानरावांचा उजवा हात

रंगांच्या दुकानात ‘फ्लेश टिंट’ नावाची एक ट्यूब मिळते. म्हणजे कातडीचा तयार रंग. झाकण उघडा, पिळा, लावा, माणूस तयार. त्या रंगाचा माणूस मी जालना जिल्ह्यात अजून पाहिलेला नाही. एकदा बियाण्यांच्या कंपनीत एक परदेशी पाहुणा आला होता, तो दुपारभर शेतात हिंडल्यावर साधारण तसा दिसायला लागला होता. पण त्याला लगेच दवाखान्यात न्यावं लागलं, त्यामुळे तो नमुना धरता येत नाही. माझ्याकडे अशी एक ट्यूब बरीच वर्षं पडून आहे. ती मी तळपायांना वापरते. मांडी घालून बसलेल्या बाहुल्यांचे तळपाय दिसतात, आणि तळपायाच्या बाबतीत आपल्या समाजात बऱ्यापैकी समता आहे.

माझा धंदा छोट्या माणसांना कातडी चढवण्याचा. जुन्या जालन्यात पत्र्याच्या एका खोलीत आमचं काम चालतं. ‘आमचं’ म्हणजे दत्ता आणि मी. दत्ता चार बोटं उंचीची माणसं घडवतो, कपडे रंगवतो, त्यांना खुर्ची, सायकल, बैलगाडी, काय हवं ते करून देतो. चेहरा, मान, हात आणि पाय, म्हणजे कापडाबाहेर जे काही उरतं ते माझं. लग्नाच्या रुखवतात मांडायच्या बाहुल्या, शाळांच्या प्रदर्शनातले देखावे, कारखान्यांच्या प्रतिकृती, कुणाच्या साठीला किंवा निवृत्तीला भेट द्यायच्या मूर्ती अशी कामं येतात. मी आधी एका फोटो स्टुडिओत काळ्यापांढऱ्या फोटोंवर रंग भरत असे. मग रंगीत फिल्म आली आणि लोकांना आपापले गाल आयते गुलाबी मिळू लागले. स्टुडिओला माझी गरज उरली नाही. कातडीकडे बघायची सवय मात्र राहिली. ती सवय पुढे इतकी वाढली की मी पाहुण्यांशी बोलताना त्यांच्या कानाच्या पाळीकडे बघते, अशी घरच्यांची तक्रार आहे.

लोक विचारतात, झटकन वाळणारे रंग मिळत असताना हा तेलरंगाचा उद्योग कशाला? त्याचं उत्तर असं की कातडीला सीमारेषा नसतात. गाल कुठे संपतो आणि मान कुठे सुरू होते, हे सांगता येत नाही. झटपट रंग तुमचा निर्णय व्हायच्या आत वाळून बसतात. तेलरंग थांबतो. आज लावलेला रंग उद्या कोरड्या कुंचल्याने सरकवता येतो, परवा फडक्याला टर्पेंटाइन लावून सबंध पुसता येतो. चेहरा आठवडाभर ओला असतो आणि तेवढ्या मुदतीत माणसाला सुधारता येतं. खऱ्या माणसाला एवढी मुदत मिळत नाही.

ट्यूबमधला रंग थेट लावला तर चेहरा तेल थापल्यासारखा चकाकतो. म्हणून मी तो आधी जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर काढून ठेवते. कागद जास्तीचं तेल पिऊन घेतो. पत्रिका जेवढी साधी तेवढी उपयोगी. चकचकीत मुलामा दिलेल्या पत्रिका तेल पीत नाहीत. त्यामुळे बड्या घरच्या लग्नांचा मला आजवर काही उपयोग झालेला नाही.

रंगाचं म्हणाल तर खाली तपकिरी अस्तर, वर पिवळी माती, भाजकी माती, कानाला आणि नाकाच्या शेंड्याला किंचित लाल, आणि हनुवटीखाली व सावलीत थोडा निळा. निळ्याचं नाव काढलं की गिऱ्हाईक दचकतं. पण उन्हात रापलेल्या कातडीवर शेवटचा हात निळ्याचाच असतो. तो दिसत नाही, पण नसला की माणूस मातीचा वाटतो.

गिऱ्हाइकं सगळ्या तऱ्हेची. ‘जसं आहे तसं करा’ याचा अर्थ ‘दोन पायऱ्या उजळ करा’ असा असतो, हे मी पहिल्या वर्षीच शिकले. एक गृहस्थ भिंतीच्या रंगाचं कार्ड घेऊन आले आणि एका चौकोनावर बोट ठेवून म्हणाले, “मंडळींना हा द्या.” चौकोनावर ‘बदामी’ असं लिहिलेलं होतं. मंडळी सोबत आलेल्या होत्या. त्यांनी कार्ड हातात घेतलं, शांतपणे चाळलं आणि नवऱ्यासाठी एक चौकोन निवडला. तो गेरूचा होता. सळईच्या कारखान्याचा देखावा केला तेव्हा मालकांना कामगार ताजेतवाने हवे होते. मी त्यांना भट्टीसमोर माझ्या शेजारी जरा वेळ उभं केलं. घामाने डबडबल्यावर त्यांनी तो मुद्दा सोडला.

पण आज सांगायची गोष्ट एका ड्रायव्हरच्या उजव्या हाताची आहे.

कुंभार पिंपळगावच्या पुढे एक लहान गाव आहे. तिथे रस्ता संपतो, म्हणून बसही संपते. संध्याकाळी जालन्याहून निघालेली गाडी तिथे मुक्कामाला राहते आणि सकाळी परत निघते. अशा मुक्कामी गाडीचा ड्रायव्हर म्हणजे गावाचा निम्मा सोयरा. या गावाच्या गाडीवर सोपानराव होते. ते निवृत्त व्हायचे होते आणि गावाने त्यांचा सत्कार ठरवला होता.

त्यासाठी आमच्याकडे दोघं आले. एक सत्कार समितीचे अध्यक्ष नानासाहेब, आणि दुसऱ्या गयाबाई. मुक्कामी गाडीच्या ड्रायव्हर-कंडक्टरचं जेवण इतकी वर्षं गयाबाईंच्या घरी होई. बाहुलीची कल्पना त्यांचीच होती. नानासाहेब गावातल्या प्रत्येक कल्पनेचे अध्यक्ष असत. ते खुर्चीत बसले, गयाबाई दाराशी भिंतीला टेकून खाली बसल्या.

“सोपानरावांचा पुतळा पायजे,” नानासाहेब म्हणाले. “छोटा. पण भव्य.”

दत्ता लिहून घेत होता, तो थांबला. “भव्य किती इंच, नाना?”

“अंगात कोट, डोक्याला फेटा, हात असा वर केलेला.”

“त्यानं जल्मात कोट घातला न्हाई,” दाराकडून आवाज आला. “खाकी घाला. आन हात चाकावर. हात वर केल्यावर गाडी कोन चालवीन?”

नानासाहेबांनी ऐकलं नसल्यासारखं करून एक फोटो पुढे केला. सत्काराच्या फ्लेक्ससाठी काढलेला. त्यात सोपानराव दुधात बुडवून काढल्यासारखे दिसत होते. मी म्हटलं, या फोटोवरून काम होणार नाही, मला माणूस उन्हात बघायला हवा.

“बिलकुल न्हाई! सरप्राइज हाय ते.”

“मंग गाडीत बसून बघा की,” गयाबाई म्हणाल्या. “गाडीत बसाया कोन नको म्हनतंय?”

म्हणून मी जालन्याहून संध्याकाळची गाडी धरली. पर्समध्ये माझ्या पट्ट्या होत्या. पत्रिकेच्या बोटभर रुंद पट्ट्या, प्रत्येकीवर एकेका कातडीचा रंग. कापडवाला जसा नमुना लावून बघतो तशी ही पट्टी मी माणसाजवळ धरून बघते. बहुतेक वेळा माणसाच्या नकळत.

गाडीत चढले तर अजब दृश्य. डावीकडच्या बाकांवर माणसं एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखी दाटलेली, आणि उजवीकडचे निम्मे बाक रिकामे. मी ड्रायव्हरच्या बरोबर मागे, उजवीकडे बसले.

कंडक्टर रफिकभाई तिकीट द्यायला आले. “ताई, इधर नको. उधर सरका. इथं धूप लागते.”

“असू द्या.”

“बराबर सोच लो. पिंपळगाव येईपर्यंत भाजून निघाल.”

मी हलले नाही. गाडी गावाबाहेर पडली आणि ऊन खरोखरच आडवं होऊन आत आलं. सोपानरावांचा उजवा हात खिडकीच्या दांडीला कोपर टेकून चाकावर होता. मी पट्टी काढली आणि मागून त्यांच्या मानेजवळ धरली. मग दंडाजवळ. मग दुसरी पट्टी. मग तिसरी.

“ताई,” रफिकभाईंनी माझ्या कानाशी खाली वाकून विचारलं, “ये क्या करून राह्यले तुम्ही? आमच्या उस्तादला काय लावून राह्यले?”

“लावत नाही हो. बघते आहे.”

“काय बघताय?”

मी आवाज उतरवून खरं काय ते सांगितलं. रफिकभाईंचा चेहरा आधी गंभीर आणि मग एकदम उजळला. तिथून पुढे ते माझे मदतनीस झाले. “उस्ताद, पानी की बाटली मागं द्या,” ते पुढे ओरडले. “न्हाई, डाव्या हातानं द्या, डाव्या!”

“डाव्यानं कामून?” सोपानराव म्हणाले, पण बाटली डाव्या हाताने मागे आली. मी पट्टी लावली. डावा हात भाजलेल्या शेंगदाण्याच्या टरफलाचा होता. माझ्या पट्ट्यांमध्ये बसणारा, ओळखीचा रंग. उजवा कुठल्याच पट्टीत बसत नव्हता. तो काकवीसारखा होता. बाहीच्या कडेपाशी धारदार रेघ, वर एक माणूस, खाली दुसरा. उजवा कान, उजवा गाल, मानेची उजवी बाजू, सगळं तसंच. समोरच्या आरशात मला सोपानरावांचा चेहरा दिसत होता. नाकाच्या दांडीवर दोन माणसं येऊन भेटत होती.

आरशातून तेही माझ्याकडे बघत होते. “तपासनीस हाय का तुम्ही?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“मंग उजवीकडं कशाला बसल्या?”

मी पट्ट्या पर्समध्ये टाकल्या.

रात्री गयाबाईंनी जेवायला वाढताना माझी ओळख ‘माझ्या जावेची बहीण’ अशी करून दिली. सोपानराव समोर बसून जेवले. पांढरीशुभ्र ज्वारीची भाकरी त्या काळ्या हाताने मोडताना मी बघत राहिले. जावेची बहीण जरा कमी आहे, असं त्यांना वाटलं असावं.

सकाळी त्याच गाडीने परत निघाले. पुन्हा उजवीकडे बसले, आणि पुन्हा ऊन अंगावर. क्षणभर वाटलं, आपण चुकून दुसऱ्या बाजूला तर बसलो नाही? मग उलगडलं. गाव जालन्याच्या दक्षिणेला. सकाळी गाडी उत्तरेला जाते तेव्हा सूर्य उजवीकडे. संध्याकाळी दक्षिणेला येते तेव्हा सूर्य पलीकडे गेलेला असतो आणि गाडी वळलेली असते, म्हणजे पुन्हा उजवीकडे. गावाला हे माहीत होतं, म्हणून गाव डावीकडे बसत होतं. फक्त एका माणसाची जागा ठरलेली होती.

आल्यावर मी नवी पट्टी केली. भाजकी माती, गर्द तपकिरी, थोडा किरमिजी आणि वर निळा. तो हात रंगवायला मला उरलेल्या सगळ्या बाहुलीपेक्षा जास्त वेळ लागला. काळा रंग वापरला असता तर काम लवकर झालं असतं, पण काळ्याने हात मेला असता. आत रक्त आहे हे दिसायला हवं आणि वरून कित्येक उन्हाळे गेलेत हेही. चेहऱ्याचं तर विचारू नका. नाकाच्या दांडीवर दोन रंग असे मिळवायचे की रेघ दिसू नये, पण फरक दिसावा. कपाळासाठी दोन दिवस गेले.

दत्ता जवळ येऊन बघायचा आणि म्हणायचा, “ताई, हात दुसऱ्याचा वाटून राह्यला.”

“दुसऱ्याचा नाही, गावाचा आहे,” मी म्हटलं. एवढं टाळीचं वाक्य माझ्या तोंडून सहसा जात नाही. दत्ताने हातातलं काम खाली ठेवून माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

कार्यक्रमाच्या आधी नानासाहेब बघायला आले. गयाबाई सोबत होत्याच. मी पेटीचं झाकण काढलं. खाकीतले सोपानराव, दोन्ही हात चाकावर, खिडकीकडे कोपर.

नानासाहेब पेटीवर वाकले. मग म्हणाले, “बाई, हे काय? अर्धा मानूस जळाला का?”

“ते तसेच आहेत.”

“येक हात बापाचा, येक मामाचा! पाव्हणे काय म्हनतील? पेपरात फोटो जाणार हाय. गावानं ड्रायव्हरची टिंगल केली म्हनतील. सारखं करा ते. डाव्यासारखं उजवं.”

इथे माझी गोची होती. मी तो हात डाव्यासारखा केला असता तर एका बैठकीचं काम होतं. बाहुली गोजिरवाणी दिसली असती आणि पुढची कितीतरी वर्षं सोपानरावांच्या घरी काचेच्या पेटीत एक अनोळखी माणूस गाडी चालवत बसला असता. मी नाही म्हटलं. नानासाहेबांना हा शब्द सवयीचा नसावा. त्यांनी तो नीट ऐकू यावा म्हणून मान पुढे केली.

“पुसता येतंय का हे?” मध्येच गयाबाईंनी विचारलं.

“येतं. अजून आठ दिवस तरी ओलंच राहील.”

“कशानं पुसत्यात?”

मी फडकं आणि टर्पेंटाइनची बाटली दाखवली. त्यांनी बाटलीचा वास घेतला, तोंड वाकडं केलं आणि पुन्हा भिंतीला टेकल्या.

शेवटी तोड निघाली. बाहुली आहे तशी न्यायची. स्टेजवर सोपानरावांनी बघायची. त्यांनी ‘पुसा’ म्हटलं तर मी तिथेच, सगळ्यांसमोर, वरचा गर्द रंग पुसून हात सारखा करायचा. नानासाहेब हे कबूल करून खुशीत गेले. अध्यक्षासमोर ड्रायव्हर काय बोलणार, हा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होता. खरं सांगायचं तर तो मलाही पटत होता.

सत्कार शाळेच्या पटांगणात होता. फ्लेक्सवर समितीतले सगळे आणि सोपानराव होते. सोपानराव एका कोपऱ्यात, नानासाहेब बाकी सगळीकडे. छापणाऱ्याने सर्वांना एकच कातडी दिली होती, त्यामुळे समिती एकाच आईची लेकरं वाटत होती. मी पहिल्या रांगेत पर्समध्ये फडकं आणि बाटली घेऊन बसले. बाटलीच्या वासाने शेजारच्या बाईंनी पदर नाकाला लावला.

नानासाहेबांचं भाषण मुख्यतः रस्त्यावर झालं. तो आपण कसा आणला यावर. रस्त्यावरून गाडी कुणी चालवली हे ओघात आलं. सोपानराव समितीने दिलेला नवा, पूर्ण बाहीचा पांढरा शर्ट आणि कानावर घसरणारा फेटा घालून, परीक्षेला बसल्यासारखे बसले होते. शेजारी त्यांच्या पत्नी. मग पेटी टेबलावर आली आणि रुमाल काढला गेला.

मग मागच्या रांगांतून कुजबुज. एक पोरगा मोठ्याने म्हणाला, “आये, हात करपला!” आणि लोक हसले. नानासाहेबांनी माइक ओढला. “कलाकाराकडून रंगात जरा गफलत झाली. काळजी नसावी. त्या इथं हजर हायत. आत्ता बराबर करून देतील.”

मी उठले. स्टेजच्या पायऱ्या चढताना फडकं काढलं.

सोपानराव बाहुलीवर वाकले होते. हात न लावता डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. “जावंची बहीन,” ते म्हणाले. “उजवीकडं बसलेल्या.”

“हो.”

त्यांनी नव्या शर्टाच्या बाहीचं बटण काढलं. एक बाही कोपरापर्यंत गुंडाळली. मग दुसरी. दोन्ही हात टेबलावर बाहुलीच्या दोन बाजूंना ठेवले. हसणं मागच्या रांगांतून पुढे विझत आलं.

“मंडळी,” ते म्हणाले. त्यांना माइकची सवय नव्हती आणि गरजही नव्हती. “सकाळी जालन्याला जाताना ऊन उजवीकडं. सांजच्याला येताना बी उजवीकडंच. तुम्ही समदे हुशार. डावीकडं बसायचे. मी आरशात बघून हसायचो. म्हनायचो, चला, गावाला तरी सावली हाय. आता मी कुठं सरकनार व्हतो? चाक काय डावीकडं हाय?”

लोक पुन्हा हसले, पण हे हसू वेगळं होतं. बरेच जण आपल्या पायांकडे बघून हसत होते.

डेपोतले त्यांचे सोबती एका बाजूला बसले होते. त्यातला एक उठला आणि त्याने बाही वर केली. मग दुसरा. मग टेम्पोवाले, जीपवाले, गावात जे कोणी चाकावर बसणारे होते ते सगळे. पटांगणात काळ्या उजव्या हातांची एक रांगच उभी राहिली. रफिकभाईंनी आपले दोन्ही हात वर धरले. “माझे सेम टू सेम हायत भाऊ! मी मधल्या वाटेत उभा व्हतो!”

मला वाटलं, झालं. पण अध्यक्ष इतक्या लवकर संपत नसतात.

“वा वा,” नानासाहेब म्हणाले. “भावना समजल्या. पण पेपरात फोटो जायचा हाय. वाचणाऱ्याला हे कोन सांगनार? फोटोपुरतं तरी सारखं करू. काय सोपानराव?”

आणि सोपानराव गडबडले. सबंध आयुष्य त्यांनी घंटी वाजली की थांबायचं, घंटी वाजली की निघायचं, असं काढलं होतं. भर सभेत अध्यक्षांना नाही म्हणणं त्यांच्या अंगात नव्हतं. त्यांनी बाहुलीकडे एकदा पाहिलं. “नानासाहेब म्हनतेत तर... पुसा मंग, बाई,” ते हळू आवाजात म्हणाले. “कशाला वाद.”

शब्द म्हणजे शब्द. मी बाटलीचं बूच काढलं. फडक्यावर टर्पेंटाइन ओतलं.

“थांबा जरा,” गयाबाईंचा आवाज आला. त्या औक्षणाचं ताट घेऊन पायऱ्या चढत होत्या. “ओवाळायच्या आधी पुसापुशी कसली? शुभ काम हाय.”

त्यांनी सोपानरावांच्या फेट्याखाली कुंकू लावलं, अक्षता लावल्या, ओवाळलं. मग त्या वाकल्या आणि तेच कुंकवाचं बोट त्यांनी बाहुलीच्या कपाळावर टेकवलं. चांगलं दाबून. चार बोटांच्या माणसाला एक बोट म्हणजे कपाळापासून नाकापर्यंत. माझे दोन दिवस त्या एका बोटाखाली गेले. कुंकू ओल्या तेलात पक्कं बसलं. त्यांनी बाहुलीलाही ओवाळलं, ताट खाली ठेवलं आणि नानासाहेबांकडे वळल्या.

“हं. आता पुसा.”

मी नानासाहेबांकडे पाहिलं.

“कपाळाचं न्हाई गयाबाई,” नानासाहेब सावरून म्हणाले, “फक्त हाताचं...”

“ओवाळलेल्या मानसाच्या अंगाला फडकं लावायचं? त्याची मालकीन शेजारी बसलेली असताना? लावा. तुम्ही अध्यक्ष हायेत. तुमच्या हातानं लावा. माझ्याच्यानं तर बघवनार न्हाई.” आणि त्यांनी माझ्या हातातलं फडकं घेऊन नानासाहेबांपुढे धरलं.

सोपानरावांच्या पत्नी नानासाहेबांकडे बघत होत्या. सगळं गाव बघत होतं. बायकांची बाजू तर अशी बघत होती की त्या फडक्याला हात लावणाऱ्याने पुन्हा गावात मत मागू नये. नानासाहेबांनी फडक्याकडे पाहिलं, बाहुलीकडे पाहिलं, आणि मग ज्या चपळाईने त्यांनी इतकी वर्षं राजकारण केलं असेल त्याच चपळाईने टाळ्या वाजवायला सुरुवात केली. गावाने त्या उचलल्या. पत्रा वाजावा तशा टाळ्या. डेपोतल्या कुणीतरी बाहेर उभ्या गाडीचा हॉर्न दाबला, तो बराच वेळ दाबलेलाच राहिला. रफिकभाई माझ्या पर्सकडे बोट दाखवत ‘पट्टी, पट्टी’ असं काहीतरी ओरडत होते.

टाळ्या थांबल्यावर नानासाहेबांनी माइकवरून जाहीर केलं की ड्रायव्हरचे कष्ट दाखवणारा हात ही मुळात समितीचीच संकल्पना होती. पेपरात तसंच आलं. फोटोत नानासाहेबांनी बाहुली हातात धरली आहे. ओल्या रंगाला हात लावू नका, हे मी त्यांना सांगितलं होतं; पण त्यांना ऐकू आलं नसावं. सोपानरावांच्या उजव्या हाताचा थोडा रंग त्यांच्या अंगठ्याला लागला आणि तिथून पांढऱ्या सदऱ्याला. टर्पेंटाइन माझ्याकडे होतं. त्यांनी मागितलं नाही.

परत निघताना मी गयाबाईंना विचारलं, “बोट मुद्दाम लावलंत ना?”

“मला कुठं दिसतंय बाई आता,” त्या म्हणाल्या, आणि माझ्या पदराला लागलेला टाचणीच्या टोकाएवढा निळा रंग नखाने खरवडून काढला.

कपाळाचं मला वाईट वाटलं, हे लपवत नाही. तसं कपाळ मला पुन्हा जमलेलं नाही. पण एवढ्या वर्षांत माझं दुसरं कुठलंही काम अशा टाळ्यांत घरी गेलं नाही.

पुढच्या वर्षी, उन्हाळा सरता सरता, सोपानराव आमच्या खोलीत आले. काखेत पेटी. “दुरुस्ती हाय,” म्हणाले. मी झाकण काढलं. बाहुली ठणठणीत होती. कुंकवाला ओरखडाही नव्हता.

“हिच्यात न्हाई. माझ्यात.” त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. वर्षभर घरी, सावलीत बसून उजवा हात उतरला होता. डाव्यात आणि त्यात आता एखाद्या पायरीचाच फरक होता. “पाव्हणे येतेत, बाहुली बघतेत, माझे हात बघतेत. म्हनतेत, बाईनं कायबी रंगवलं.”

“मामा, त्यात काय,” दत्ता म्हणाला. “बाहुलीचा हात जरा उजळ करून देतो.”

“बाहुलीला हात लावायचा न्हाई!” सोपानराव असे ओरडले की दत्ताच्या हातातला कुंचला पडला. मग ते खुर्ची ओढून बसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, “मी शाळंची गाडी धरलीय. सकाळी पोरं घेऊन अंबडला, सांजच्याला वापस. त्याच रोडनं. मालकीन म्हनती, या वयात कशाला. तिला काय सांगू?” ते जरा लाजले. “बाई, तुमची ती पट्टी असंल ना. त्या हाताची. येक द्या. लावून बघाया.”

पट्टी मी जपून ठेवली होती. तिचा अर्धा तुकडा कापून दिला. कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचा मागचा भाग. पुढे ‘आहेर स्वीकारला जाणार नाही’ एवढं वाचता येत होतं. त्यांनी तो हातावर धरून बघितला, नाराजीने मान हलवली आणि शर्टाच्या खिशात ठेवला.

परवा त्यांचा फोन आला. मागे पोरांचा कालवा चालू होता.

“बाई, हाताचा रंग येत आलाय,” ते ओरडून म्हणाले. “तुमचा तो निळा तेवढा राह्यला.”